इंजिनमायचं दूध

विस्तव नाही, कोळसा नाही, ड्रायव्हर नाही. तरी इंजिन धापा टाकत होतं.

अगिनबाबाने फडक्यात बांधलेला नैवेद्य इंजिनाच्या माथ्यावरच्या भोकात सोडला, वरून तीन घागरी पाणी ओतलं, डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. खाली हजारभर माणसं उभी. चार-पाच मिनिटं काहीच नाही. मग इंजिनाच्या पोटात खदखद सुरू झाली, चुलीवर डाळ शिजायला लागावी तशी. माथ्यातून पांढरी वाफ निघाली, शिट्टीतून घोगरा हुंकार आला, आणि पुढच्या बायांनी एकमेकींचे हात घट्ट धरले. बाबा खाली उतरला, त्याने तळाची तोटी फिरवली. तोटीतून पांढरंशुभ्र कोमट दूध घमेल्यात पडू लागलं.

"माय पान्हावली," बाबा म्हणाला. "भक्तहो, हिला लोखंड समजू नका. पन्नास वर्षं हिने तुमचं धान वाहिलं, तुमच्या लेकी सासरी पोचवल्या. साहेब गेला, कंपनी गेली, आणि हिला इथे कोपऱ्यात उभी केली. पण मातेच्या उदरातला प्राणाग्नी विझतो काय? मोठमोठ्या विज्ञानवाल्यांना पुसा, आगीवाचून वाफ होते काय? नाही होत. मग इथे कशी होते?"

उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि नाही हे बाबाला पक्कं ठाऊक होतं. उत्तर सापडलं नाही की हात जोडायचे, ही आपली जुनी खोड. असल्या बाबांची पोटं याच खोडीवर भरतात.

ही गोष्ट १९५७ सालची, दिवाळीच्या तोंडची. नवेगाव बांधाच्या वाटेवरचं ते लहानसं स्टेशन. एरवी छोट्या रुळावरची गाडी तिथं थांबली तरी उतरणारी माणसं बोटांवर मोजावीत. त्या स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर, पत्र्याच्या छपराखाली, हे जुनं इंजिन दोन वर्षांपासून उभं होतं. रेल्वेने ते भंगारात काढलं नव्हतं. जुनी इंजिनं जपून ठेवायचं म्युझियम उभं व्हायचं होतं, तोवर ते गंजू नये म्हणून गोंदियाचा एक फिटर अधूनमधून येऊन त्याच्या दांड्यांना चरबी चोपडून जायचा. गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या चाकांत कोंबड्या अंडी घालायच्या. पण दसऱ्याआधी हा दाढीवाला बाबा कुठूनसा आला, इंजिनापाशी धुनी पेटवून बसला, आणि तिसऱ्याच गुरुवारी माय पान्हावली. आता चिचगडच्या जंगलातून बैलबंड्या येत होत्या, पार कामठ्याहून माणसं गाडीने येत होती. स्टेशनमास्तर खोलीचं दार लावून आत बसायचा. एवढ्या जमावाला हटकायची त्याची छाती नव्हती.

त्या गर्दीत सुमित्राबाई उभी होती. वय पंचावन्नच्या पुढे, तळी बांधणाऱ्या कोहळी घराण्यातली सून, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. जीभ तिखट, पण घरात. चारचौघांत ती तोंडाला कुलूप घालायची. मुलगा तुमसरकडे खाणीत कामाला. सोबत सून वच्छला होती, आणि वच्छलाच्या कडेवर सहा वर्षांची प्रेमिला. पोरीच्या डोळ्यांत खुपऱ्या झालेल्या. सकाळी पापण्या चिकटून बसायच्या, कोमट पाण्याने सोडवाव्या लागायच्या. तिच्याच डोळ्यांसाठी ही वारी. बाबाचा नेम असा: डोळ्यांच्या रोग्याने पहिल्या गुरुवारी नुसतं दर्शन घ्यायचं, दुसऱ्या गुरुवारी दूध कपाळाला लावायचं आणि तिसऱ्या गुरुवारी डोळ्यांत घालायचं. प्रेमिलाचा हा पहिला गुरुवार. सुमित्राबाईचा धाकटा दीर चैतराम, त्याचा तिसरा.

"वयनी, आज माया नंबर," चैतराम म्हणाला. "धान कापनीच्या आंधी डोरे साफ झाले पायजे."

तेवढ्यात पुढे गलका झाला. बायांनी इंजिनाच्या लोखंडी छातीवर हळद माखली होती. बाबाने तिच्यावर मायच्या दुधाचा शिपका मारला, आणि पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली. "कुंकू झालं, मायनं कुंकू दिलं," म्हणत बाया पदर पसरून पुढे सरकल्या.

सुमित्राबाईच्या मनात पाल चुकचुकली. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे तिला माहीत होतं. तिलाच कशाला, तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. हळदीच्या हाताने पानाला चुना लावला की बोटं लाल होतात, ही काय मोठी विद्या आहे? पण घरी जे ठाऊक असतं ते देवापुढे विसरायचं, अशी आपली रीत. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे डोळे पाण्याने भरलेले. आपणच एकटं काय बोलायचं, आणि खरंच माय असली तर? ती गप्प बसली.

पुढे चैतराम बाबासमोर बसला, मान मागे टाकली. बाबाने शिंपल्याने दोन्ही डोळ्यांत दूध घातलं. चैतराम असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले.

"जळू दे, जळू दे," बाबा त्याचे हात धरून म्हणाला. "पाप आहे, जाताना चटका देणारच. ज्याचं पाप मोठं त्याची आग मोठी." आणि त्याने डोळ्यांवर भगवी पट्टी आवळली. सात दिवस सोडायची नाही, पाणी लावायचं नाही.

सात दिवस चैतराम खाटेवर तळमळत होता. दुसऱ्या गुरुवारी वच्छला प्रेमिलाला घेऊन पुन्हा गेली, कपाळाला दूध लावून आली. रात्री पोरीचं कपाळ खाजायला लागलं, सकाळी तिथं लाल चट्टा. आणि त्याच सकाळी चैतरामची पट्टी सोडायची होती. त्याची बायको भीत होती, म्हणून सुमित्राबाईनेच गाठ सोडली.

उजवा डोळा पांढरा पडला होता. उकडलेल्या अंड्यासारखा. डावा लाल, सुजलेला, अर्धाच उघडत होता.

असा डोळा सुमित्राबाईने आधी पाहिला होता, आणि जन्मभर पाहिला होता. तिचा नवरा केवळराम तळ्याचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, दुरुस्त करत होता. बांधकामाला चुना विरवत होते. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं, चुना उकळून उडाला, आणि एक थेंब त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. तेव्हापासून तो डोळा असाच पांढरा. बाईने चैतरामची पट्टी बोटांत चोळून पाहिली. कडेला कोरडी पांढरी पपडी होती. तिने चुलीजवळची चिमूटभर हळद घेतली, पपडी ओली करून तिच्यावर घासली. लाल.

"वच्छला, हा चुना आहे," ती म्हणाली. "दूध नाही, का माय नाही. येत्या गुरुवारी पोरीच्या डोऱ्यात चुना घालून राहिली तू."

"आत्या, असा नोका बोलू," वच्छला घाबरून म्हणाली. "बाबा म्हनतेत, पाप असला त जळते. काका दारू पेते ना. मायी पोरगी लहान आहे, तिचा कायचा पाप? तिले नाही जळनार. आन चुन्यानं का इंजिन शिट्टी वाजवते?"

ह्या शेवटच्या प्रश्नापाशी सुमित्राबाई अडली. इंजिनातून चुना येतो, हे तिला कळलं होतं. इंजिनात चुना जातो कसा, आणि नुसत्या चुन्याने एवढं धूड धापा कसं टाकतं, हे कळेना. आणि ते सांगता आल्याशिवाय वच्छला ऐकणार नव्हती. वच्छलाचा दोष कशाला द्यायचा? पोर आंधळी होईल या भीतीने ती बाबाकडे गेली होती. भ्यालेल्या माणसाला शहाणपण सांगायचं तर पुरतं सांगावं लागतं.

मधे पाच दिवस होते. त्याच दिवशीच्या गाडीने ती चैतरामला घेऊन गोंदियाला गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरने डोळे धुतले, बत्तीने पाहिले आणि कपाळाला हात लावला. "चुना गेलाय. त्याच घडीला घागरभर पाण्याने धुतले असते तर वाचले असते. पट्टी कुणी बांधली?"

"बाबानं," चैतराम म्हणाला.

"उजवा गेला. डावा वाचवायचा प्रयत्न करू," एवढंच बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला.

दिराला दवाखान्यात ठेवून सुमित्राबाई विचारत विचारत इंजिनांच्या शेडात पोचली. आमच्याकडच्या त्या जुन्या इंजिनाला चरबी लावायला कोण येतो, एवढंच ती ज्याला त्याला विचारत होती. शेवटी तेलाने काळाकुट्ट झालेला एक पन्नाशीचा माणूस हात पुसत पुढे आला. तो हिरालाल फिटर.

"मैंच आता हूँ बाई. क्या हुआ इंजिन को?"

"इंजिनात चुना आहे का गा?" तिने सरळच विचारलं.

हिरालाल चमकला. "है ना. मैंनेच रखा है. तुम्हाले कोनी सांगितलं?"

आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकून तिच्या डोक्यातला गुंता सुटला. इंजिन वर्षानुवर्षं उभं ठेवायचं तर त्याच्या पोटातलं पाणी पूर्ण काढून टाकावं लागतं. पण हवेतला ओलावा आत शिरतोच, आणि आतून पत्रा गंजतो. म्हणून कळीच्या चुन्याच्या थाळ्या भरून आत ठेवायच्या आणि सगळी भोकं बुचं लावून बंद करायची. कोरडा चुना ओल पिऊन घेतो. काही महिन्यांनी थाळ्या काढायच्या, नवा चुना भरायचा. इंजिन जपायची ही साधी, जुनी रीत.

"आन त्या चुन्यावर पानी ओतला त?"

"पानी?" हिरालालचा चेहरा उतरला. "अरे बाई, पानी गिरा तो चूना उबलेगा. आग के बिना वाफ निकलेगी. शिट्टीचा वाल्व जुना, ढिला हाय, तिथून आवाज भी येईल. लेकिन पानी कायले ओततील कोनी? माया बाप उसी इंजिन पर फायरमन था. अंदर से पूरा सड़ जाएगा वो."

सुमित्राबाईने मग त्याला सगळं सांगितलं. नैवेद्याचं गाठोडं, घागरी, हळद, दूध, चैतरामचा डोळा. ऐकताना त्याने दोनदा तोंडातल्या तोंडात शिवी घातली.

"एक विचारतो बाई. त्या बाबाच्या डाव्या हाताच्या करंगळीचं पेर तुटलेलं हाय का?"

तिने आठवून पाहिलं. शिंपला धरलेला तो हात. "हाय."

"सेवकराम. थाळ्या उचलायला रोजाने लावला होता मी त्याला. पाच दिवस काम केलं, पितळी नळ चोरला, हाकलून दिला. साला, कामाची विद्या बरी लक्षात ठेवली."

हिरालाल पोलिसांना घेऊन यायचं म्हणत होता. सुमित्राबाईने मान हलवली. "पोलीस आनशील त लोक म्हनतीन, सरकारनं मायले अटक केली. आनखी मोठी माय होईल ते. त्याईले मागून आन. पयले तू पाना घेऊन ये."

दिराच्या उशाशी पाच दिवस काढून तिसऱ्या गुरुवारी सकाळी सुमित्राबाई हिरालालसोबत गाडीतून उतरली तोवर वच्छला पोरीला घेऊन रांगेत पुढे जाऊन बसली होती. इंजिन धापा टाकत होतं. सुमित्राबाई माणसांना कोपरं मारत, शिव्या खात पुढे घुसली. प्रेमिलाची मान मागे टाकलेली, वच्छलाने तिचे हात धरलेले, बाबाने शिंपला वाकडा केलेला. सुमित्राबाईने आपला तळवा पोरीच्या डोळ्यांवर ठेवला. चुन्याचं जळजळीत पाणी तिच्या हातावर पडलं.

"बाई, हात काढ," बाबा दबक्या आवाजात म्हणाला. "माय कोपेल."

"कोपू दे. मले एक सांगा बाबा, हा दूध आहे ना?"

"साक्षात अमृत."

"मंग आंधी एक घोट तुमी प्या. मायचा दूध लेकानं पेला त का वाईट होते?"

बाबाने गळा साफ केला. "हे पेय नव्हे. हे दिव्य द्रव्य आहे. रोग्यासाठी आहे. मला रोग नाही. आणि शंकेखोर माणसाच्या सावलीने द्रव्याचं विष होतं, असं शास्त्रात..."

"कोनत्या शास्त्रात?"

"गुप्त शास्त्रात."

मागे कुणीतरी हसलं. तेवढं हसू पुरे होतं. सुमित्राबाई आयुष्यात पहिल्यांदा हजार माणसांपुढे मोठ्याने बोलली.

"बायांनो, तुमच्याजवळ हळद आहे. मी गोंदियाहून गाईचा दूध आनला, त्याच्यात टाका. लाल होते का पाहा." दोघीतिघींनी टाकली. दूध पिवळं झालं, लाल नाही. "आता मानसांनो, तुमच्या कमरेला चुन्याची डबी आहे. आहे का नाही? काढा. हळदीवर बोटभर चुना घासा. कोनाचा मंतर म्हनू नोका, नुसता घासा."

तंबाखू खाणाऱ्या त्या मुलखात चुन्याची डबी नाही असा पुरुष कुठून सापडणार? आधी एकाने घासला. मग चौघांनी. मग जो तो बायकोच्या ताटातली हळद घेऊन घासू लागला. शेकडो तळहात लाल झाले, आणि ज्याने त्याने आपला तळहात शेजाऱ्याला दाखवला. सांगणारा कुणी बाबा नव्हता, प्रत्येकाने आपल्या हाताने पाहिलं.

"हा चुना आहे," सुमित्राबाई म्हणाली. "चैतरामचा डोरा ह्यानंच गेला. पाप-बिप काही नाही. केवळरामचा बी चुन्यानंच गेला होता, त्यानं त दारूले कधी हात नाही लावला."

"वाफ?" बाबा गरजला. "आणि ही वाफ? आगीवाचून?"

"ते मी सांगतो," हिरालाल पाना घेऊन पुढे आला. बाबाने त्याला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हिरालालने बाबाच्या मागची झाकलेली टोपली ओढली. सोवळ्याचा नैवेद्य म्हणून ज्याला कुणी शिवत नव्हतं, त्या फडक्यात कळीच्या चुन्याची पांढरी ढेकळं होती. त्यातलं एक त्याने स्टेशनाच्या बादलीत टाकला, वर तांब्याभर पाणी ओतलं. ढेकूळ फुटलं, बादलीत खदखद सुरू झाली, वाफ उठली. मग त्याने इंजिनाच्या बुडाचं झाकण पान्याने ढिलं केलं, लोकांना मागे सारलं आणि झाकण काढलं. पांढऱ्या चिखलाचा लोंढा रुळावर आला. त्याने हात लांब करून आत अडकलेली एक वाकलेली थाळी ओढून काढली आणि सगळ्यांपुढे धरली.

"इंजिन जपायला मी यात चुना ठेवला होता," तो म्हणाला. "हा सेवकराम तेव्हा माझा मजूर होता. याने पाणी ओतलं. माय-बिय कोणी नाही. हे इंजिन आहे, बहुत अच्छा इंजिन आहे, तेवढंच खूप झालं."

बाबा धुनीमागून सटकायला गेला, पण हिरालालच्या मागून आलेले दोन पोलीस तिथं उभेच होते. लोकांनी त्याच्यावर दगड उचलले. सुमित्राबाई मधे पडली. "त्याले मारून का होते? डोरा येईल का? ठाण्यात नेऊ द्या." काही जण दगड टाकून खाली मान घालून उभे राहिले. काही तरीही पुटपुटत होते की मायने रुसून दूध आटवलं. असे असतातच. वच्छला पोरीला छातीशी धरून रडत होती, आणि सासूच्या पोळलेल्या हातावर पाणी ओतत होती.

प्रेमिलाला दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. रोज मलम, रोज धुणं, दोन महिन्यांत पोर टक्क डोळ्यांनी बघायला लागली. हिरालालने तीन आठवडे इंजिनाचं पोट खरवडलं, गंज काढला, नव्या थाळ्या भरल्या, आणि पुढे एके दिवशी ते इंजिन मोठ्या गाडीवर चढवून म्युझियमकडे रवाना झालं.

चैतरामचा डावा डोळा अर्धाच वाचला. घरी आल्यावर एका दुपारी तो सुमित्राबाईच्या ओसरीवर येऊन बसला.

"वयनी, वच्छला सांगत होती, तूच तिच्याजवळ बोलली. पयल्या गुरुवारीच हळद लाल झाली तवा तुले शंका आली होती म्हनते."

"आली होती."

"मी तुया बाजूलेच उभा होतो."

"होय."

"मंग मले बोलली काऊन नाही?"

सुमित्राबाईने तोंडात पदर घेतला. काय सांगणार? लोक काय म्हणतील म्हणून, एकटी पडीन म्हणून, आणि खरंच माय असली तर म्हणून. यातलं एकही कारण एका डोळ्याच्या किमतीचं नव्हतं. ती ढसाढसा रडली, आणि चैतराम तिची समजूत घालत बसला.

वाचकहो, सेवकरामसारखे बदमाश दर पिढीत निघतील; त्यांची विद्या फार मोठी नसते, एखाद्या मजुराने पाच दिवसांत शिकलेली असते. त्यांचं खरं भांडवल म्हणजे आपल्या तोंडावरचं कुलूप. चमत्कार दिसला तर आधी विचारा, हात लावून पाहा, घरी जे माहीत आहे ते तिथंही आठवा, आणि दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा. शंका आली तर ती शेजारच्याला त्याच घडीला सांगा. त्या दिवसापासून सुमित्राबाई मनात येईल ते फाडकन बोलते, आणि गावात तिला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. तुम्हालाही म्हणतील. शेजारच्याचा डोळा वाचणार असेल, तर एवढं नाव खुशाल पडू द्यावं.